बीचवर्थची जुनी दफनभूमी, चिनी भाग: मोजणीच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

दफनभूमीच्या ट्रस्टकडून लेखी परवानगी आली, त्यामुळे आजपासून काम अधिकृत. इथे तारखेनुसार लिहीत जातो, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी हे पुढे नेलं तर आम्ही कुठला निर्णय का घेतला ते त्याला कळेल. नुसती एक्सेल फाइल हातात पडली की माणूस डोकं धरून बसतो, ऑफिसात रोज बघतो.

थोडक्यात पार्श्वभूमी. बीचवर्थ म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं डोंगरावरचं गाव, मेलबर्नपासून साधारण २८० किलोमीटर. फेब्रुवारी १८५२ मध्ये स्प्रिंग क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि आसपासचा सगळा पट्टा ओव्हन्स गोल्डफील्ड म्हणून ओळखला जायला लागला. आता सोनं संपलंय, मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटच्या इमारती उरल्यात, आणि लोक बेकरीत खायला आणि ऑगस्ट १८८० मध्ये नेड केली या दरोडेखोराला ज्या कोर्टात उभं केलं ते कोर्ट बघायला येतात. दफनभूमी गावाला लागूनच आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पंथवार भाग पाडलेत, चर्च ऑफ इंग्लंडवाले एकीकडे, कॅथलिक एकीकडे, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, आणि एका बाजूला चिनी भाग. तिथे दोन मनोरे आहेत आणि एक वेदी, मनोरे १८५७ चे. या भागात सुमारे २००० चिनी माणसं पुरली गेली असं मानतात.

आमचं काम साधं आहे. चिनी भागातला प्रत्येक दगड, त्याची जागा, त्याचा फोटो, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा. आम्ही चार-पाच जण आहोत, कोणी येतं कोणी नाही. मी वोडोंगाला राहतो, नोकरी सर्व्हेची, त्यामुळे मोजणी माझ्याकडे आली. मजकूर वाचणाऱ्या आहेत हाँगकाँगच्या एक निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरीच्या पुढच्या, काठी घेऊन येतात आणि आमच्या आधी पोचलेल्या असतात. त्यांचं नाव इथे घालत नाही, मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणतो.

परवानगीतल्या अटी: तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही, खडू नाही, शेव्हिंग फोम नाही, पीठ चोळणं नाही. हे सगळे प्रकार लोकांनी केलेले आहेत म्हणून अटीत लिहावे लागतात.

५ एप्रिल, शनिवार

काल छिंगमिंग होता, पितरांच्या कबरी झाडून-पुसून नैवेद्य दाखवायचा चिनी लोकांचा दिवस. आम्ही पोचलो तर वेदीपाशी संत्री, उदबत्त्यांच्या काड्या आणि एका मनोऱ्यात ताजी राख. कोण येऊन गेलं कळलं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कोणाचंही कोणी असेल, इथे ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी पण लोक येतात.

मनोऱ्यांचं काम काय ते बाहेरून बघून कळत नाही. ती भट्टी आहे. कागदी पैसे आणि प्रार्थना लिहिलेले कागद त्यात जाळायचे, धूर वर गेला की ते मेलेल्या माणसाला पोचतं असा समज. वेदीवर भाजलेलं डुक्कर, भात, दारू. टुरिस्ट मनोऱ्यांसमोर उभे राहून सेल्फी काढतात आणि वेदीवर पर्स ठेवतात, त्यांचा तरी काय दोष, आपण पण परदेशात असंच करतो.

आज दगड मोजले नाहीत, दिवसभर बोलणंच झालं, पण कामाचं बोलणं. बाईंनी सांगितलं की सोन्याच्या मागे आलेल्या बहुतेक चिनी लोकांना इथे मरायचं नव्हतं आणि मेलेच तर इथे राहायचं नव्हतं. आले होते कर्ज काढून, बहुतेक ग्वांगदोंग प्रांतातल्या एका भागातल्या चार तालुक्यांमधून, थोडं सोनं साठवून परत जायचं म्हणून. मेलं तर तिथल्याच संघटनांनी काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं गोळा करून स्वच्छ करायची, पेटीत घालून हाँगकाँगला पाठवायची, आणि तिथून गावाकडे. हाँगकाँगचं तुंग वाह हॉस्पिटल १८७० मध्ये स्थापन झालं, हाडं घरी पोचवायचं बरंचसं काम पुढे त्यांनी सांभाळलं. सगळ्यांच्या नशिबी हे पण नव्हतं. १९०२ मध्ये न्यूझीलंडहून अशीच ४९९ जणांची अस्थी-कलेवरं घेऊन निघालेलं व्हेंटनर नावाचं जहाज होकियांगाजवळ बुडालं.

म्हणजे इथे दगड आहे पण खाली माणूस नाही असं असू शकतं. आणि माणूस आहे पण दगड नाही, असं तर बहुतेकांचं आहे. आमच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक कबर असं धरलेलं होतं, नाव, तारीख, जागा, फोटो. हे चालणार नाही. घरी येताना गाडीत हाच विचार, आणि रात्री तक्ता मोडून तीन केले:

पहिला दगडांचा. दगड कुठे आहे, किती उंच, कुठल्या प्रकारचा, काय कोरलंय. बस.
दुसरा माणसांचा. कागदोपत्री जी माणसं इथे पुरली असं लिहिलंय ती, दगड असो नसो.
तिसरा जोडणीचा. हा दगड याचा असं आम्हाला वाटतं का, कशावरून, कितपत खात्रीने, कोणी ठरवलं.

ग्रुपमधला एक जण म्हणाला, एवढं कशाला, लोकांना आपल्या पणजोबाची कबर शोधायची असते, त्यांना एक ओळ दे. अरे पण ती ओळ खोटी असली तर? तो माणूस येऊन दुसऱ्याच्या दगडापुढे फुलं ठेवून रडून जाणार.

२७ एप्रिल, रविवार

मोजणी सुरू. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढच्या नोंदीवर जावं.

फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं, झाडाखाली त्याहून वाईट. इथे दोन दगडांमधलं अंतर काही ठिकाणी एक मीटर पण नाही. म्हणजे फोनवर टिपलेला बिंदू तुमच्या दगडाचा नाही, तुमच्या आजूबाजूच्या डझनभर दगडांपैकी कोणाचाही. म्हणून जुनी पद्धत: दोन पक्के खुंट, त्यांच्यामध्ये टेप ताणून बेसलाइन, आणि तिच्यापासून काटकोनात प्रत्येक दगडाचा ऑफसेट. फक्त दोन खुंटांची जागा ऑफिसच्या चांगल्या रिसीव्हरने घेतली, परवानगी काढून, ती सेंटिमीटरमध्ये येते. बाकी सगळं टेप, पेन्सिल आणि आडवी-उभी रेघ मारलेली वही.

पूर्वी कोणीतरी केलेला एक डिजिटल नकाशा हाताशी होता. तो आमच्या बिंदूंवर टाकला तर सगळे दगड थोडे नैऋत्येला, सगळेच्या सगळे, एकसारखे. बघताक्षणी कळलं. तो नकाशा जीडीए ९४ या डेटमवर आहे, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या चौकटीवर, आणि आम्ही नव्या, जीडीए २०२० वर. ऑस्ट्रेलियाचा अख्खा खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून १९९४ ला बांधलेले अक्षांश-रेखांश २०२० ला नव्याने बांधले, आणि दोघांत साधारण १.८ मीटरचा फरक आहे. रस्त्याच्या नकाशावर १.८ मीटर म्हणजे काहीच नाही. इथे १.८ मीटर म्हणजे शेजारचा माणूस. गावाकडे बांध हातभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात, इथे अख्ख्या रांगेचे दगड एकमेकांच्या जागी जाऊन बसले असते आणि तक्रार करायला कोणी आलं नसतं.

दगडांच्या तक्त्यात आता एक रकाना वाढवला: कुठला डेटम. रिकामा सोडायचा नाही.

२५ मे, रविवार

आज वाचन. थंडी कडक, गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे त्यामुळे सकाळी गवतावर पांढरं पडलेलं, बाईंच्या हातात मोजे आणि मोज्यांच्या आत गरम पाण्याची छोटी पिशवी.

चिनी भागातले बरेच दगड बुटके, ग्रॅनाइटचे, गुडघ्याएवढे. समोरच्या बाजूला उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. मधली ओळ मोठी, त्यात माणसाचं नाव. बाजूच्या ओळींत तालुका, गाव, आणि मेल्याची तारीख. इंग्लिश दगडांवर 'प्रिय पत्नी', 'अमक्याचा लाडका मुलगा', बायबलमधली ओळ असं काहीबाही असतं, इथे त्यातलं काही नाही. पत्ता आहे. बाई म्हणाल्या ते पार्सलवरचं लेबल आहे, हाडं कुठे पाठवायची ते. हसून म्हणाल्या, पण खोटं नाही ते.

तालुक्यांमध्ये एक नाव सारखं येतं, सनिंग. आजच्या नकाशात शोधाल तर सापडणार नाही, १९१४ मध्ये त्याचं नाव बदलून थायशान झालं. दगडावर सनिंग आहे तर फाइलमध्ये सनिंगच, शेजारच्या रकान्यात आजचं नाव.

तारखांवर मात्र मजा आली. वर्ष राजाच्या नावाने लिहितात. तुंगची अमुक, क्वांगश्यू तमुक. तुंगची पहिलं म्हणजे १८६२, क्वांगश्यू पहिलं म्हणजे १८७५. आमच्यातल्या एकाने लगेच सूत्र लावलं, क्वांगश्यूच्या आकड्यात १८७४ मिळवा, झालं इसवी सन. मी म्हटलं थांब. आपण शकात ७८ मिळवतो ते डिसेंबरपर्यंत. शके १८०५ चा चैत्र १८८३ मध्ये येतो पण त्याच शकातला माघ १८८४ मध्ये, तिथे ७९ मिळवायचे, शाळेत यावर मार खाल्लेला आहे. चिनी वर्षही चांद्र, जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी सुरू होणारं, मग त्यांचा बारावा महिना पुढच्या इसवी सनात जाणारच. बाईंनी मान डोलावली. समोरच्या दगडावर क्वांगश्यू ९, बारावा महिना असं होतं. सूत्राने १८८३ आलं असतं, आणि तो महिना जवळजवळ सगळा जानेवारी १८८४ मध्ये पडतो. मग मृत्यूच्या रजिस्टरमध्ये १८८३ च्या पानांत तो माणूस शोधत बसा, सापडणारच नाही, आणि आपण लिहून टाकणार 'नोंद नाही'.

अधिक महिना पण त्यांच्याकडे आहे. आणि साठ वर्षांचं चक्र पण, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच, फक्त नावं वेगळी. काही ठिकाणी राजाचं नाव वाचताच येत नाही आणि चक्रातल्या वर्षाचंच नाव शिल्लक असतं, तेव्हा चक्राचं पहिलं वर्ष असेल तर ते १८६४ पण असू शकतं आणि १९२४ पण. अशा वेळी दोन्ही लिहायची. मेलबर्नच्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला अरे तू सर्व्हेयर आहेस का जोशीबुवा.

तर निर्णय: दगडावरची तारीख जशी आहे तशी एका रकान्यात, आणि इसवी सन दुसऱ्यात, 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन आकडे. एकच आकडा टाकायचा मोह टाळायचा.

२१ जून, शनिवार

वर्षातला सगळ्यात छोटा दिवस मुद्दाम निवडला. आज इथे भर दुपारीही सूर्य जेमतेम ३० अंशांवर, उजेड दिवसभर तिरपा, आणि तिरप्या उजेडात कोरलेली अक्षरं उठून दिसतात. डिसेंबरात दुपारी याच दगडाचा फोटो काढला तर सपाट पाटी दिसते.

पण अडचण अशी की दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून, त्यामुळे दक्षिणेला तोंड केलेल्या दगडांच्या चेहऱ्यावर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. त्यासाठी आरसा. कपाटाच्या दाराला लावतात तसला उभा स्वस्त आरसा, एकाने पंधरा-वीस फुटांवर उन्हात धरायचा आणि कवडसा दगडावर बाजूने सोडायचा, अगदी घासून जाईल असा. आरसा जरासा हलवला की अक्षरं वर येतात, परत बुडतात. एका दगडावर सगळ्यांनी 'कोरा' असं लिहून ठेवलेलं होतं, कवडसा डावीकडून गेला आणि मधल्या ओळीतलं वरचं अक्षर दिसलं, बाई ओरडल्या थांब थांब हलवू नको, आणि आरसा धरणाऱ्याचे हात थंडीने थरथरत होते तर अक्षर पण थरथरतंय. आडनाव मिळालं. खालची दोन अक्षरं नाही मिळाली. तेवढंच लिहिलं, आडनाव आणि पुढे दोन चौकोन.

आणखी एक गोष्ट आज दिसली ती महत्त्वाची. काही दगडांच्या अक्षरांच्या खाचांमध्ये लाल रंगाचे कण अजून आहेत, अगदी तळाशी, भिंगातून बघितलं तर. म्हणजे अक्षरं रंगवलेली होती. ज्या कोणाला हे दगड 'छान स्वच्छ' करावेसे वाटतात त्यांनी हे वाचावं. मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने पण तो रंग जाईल. शेवाळ आणि दगडफूल दिसायला घाण वाटतं, पण दगडफूल ओढून काढलं तर खालचा दगडाचा पापुद्रा घेऊन निघतं. ग्रुपमध्ये यावर थोडी गरमागरमी झाली. एकाचं म्हणणं की आपण वर्ष घालवतोय आणि शेवटी दगड दिसायला आहेत तसेच काळे राहणार, लोकांना दिसणार काय? माझं म्हणणं, फोटोत दिसेल. दगडाला हात लावायचा नाही. बाईंनी माझ्या बाजूने मत दिलं म्हणून विषय संपला, नाहीतर अजून चालला असता.

जाता जाता पलीकडच्या युरोपियन भागात चक्कर मारली. तिथले संगमरवरी दगड जास्त श्रीमंत पण जास्त वाईट अवस्थेत, पाऊस संगमरवर विरघळवतो, हात फिरवला तर साखरेसारखं खरखरीत लागतं. काहींवर शिशाची अक्षरं ठोकून बसवलेली होती ती गळून पडलीत, पण ठोकायला पाडलेली बारीक भोकं शिल्लक आहेत, आणि भोकांची रचना बघून अक्षर ओळखता येतं. ते काम दुसरा ग्रुप करतोय, त्यांना शुभेच्छा.

५ जुलै, शनिवार

पाऊस, दगडाचं काम नाही. गावात बसून कागद वाचले.

काल ४ जुलै होता. १८५७ च्या याच तारखेला बकलंड नदीच्या खोऱ्यात, इथून डोंगरात आत, गोऱ्या खाणकामगारांनी सभा घेतली आणि लगेच चिनी लोकांच्या छावण्यांवर चालून गेले. दोन हजारांच्या आसपास माणसं हाकलली, ऐन हिवाळ्यात, तंबू आणि दुकानं जाळली, नवीन बांधलेलं त्यांचं देऊळ जाळलं. सरकारी कागदांत तीन मृत्यू आहेत. बीचवर्थचा पोलीस प्रमुख तेव्हा रॉबर्ट ओ'हारा बर्क, तोच जो नंतर उंट घेऊन ऑस्ट्रेलिया उभा ओलांडायला गेला आणि १८६१ मध्ये परतीच्या वाटेवर मेला. तो शिपाई घेऊन इथून बकलंडला गेला. खटले बीचवर्थलाच चालले, ज्युरीने मोठे आरोप उडवून लावले आणि मोजक्या जणांना किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा झाली. गावातल्या म्युझियमला आज बर्कचंच नाव आहे. (त्याच्या मोहिमेत उंटांबरोबर हिंदुस्तानातून आणलेली माणसंही होती. त्यांतला साम्ला नावाचा एक हिंदू पहिल्याच टप्प्यात सोडून गेला, तिथलं मांसाचं जेवण त्याच्या धर्मात बसत नव्हतं. तो शहाणा निघाला.)

त्याच १८५७ मध्ये इथे मनोरे उभे राहिले. मी या दोन गोष्टींमध्ये कार्यकारण जोडत नाही, फक्त एकाच पानावर लिहून ठेवतोय. कारण गावातल्या माहितीफलकांच्या थाटात लिहिलं की मनोरे म्हणजे 'बहुसंस्कृतीचं प्रतीक' होऊन जातात. चिनी लोकांना इथे येण्यासाठीच जास्त पैसे मोजावे लागत होते: १८५५ च्या कायद्याने प्रत्येक चिनी प्रवाशामागे १० पौंड, आणि जहाजाच्या दर १० टनांमागे एकच माणूस. म्हणून जहाजवाले त्यांना शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदरात उतरवायला लागले, १६ हजारांहून जास्त माणसं तिथे उतरली आणि शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या गावांकडे आली. 'पायोनियर' हा शब्द इथल्या दगडांवर बराच दिसतो, चिनी भागात मात्र मला तो एकदाही दिसलेला नाही.

१३ जुलै, रविवार

कोणी आलं नाही, मीच होतो. ऑफसेट तपासले, दोन रांगांची बेरीज जुळली. आईचा फोन: दर सुट्टीला स्मशानात काय करतोस, घरी आल्यावर अंघोळ तरी करतोस का. करतो म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

माणसांचा तक्ता भरायला घेतला. हे दगडांपेक्षा अवघड निघालं.

व्हिक्टोरियात १ जुलै १८५३ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि तिचा नमुना त्या काळाच्या मानाने फार तपशीलवार होता. मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं, वडिलांचा धंदा, जन्म कुठे, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे आणि कोणाशी, मुलं किती, कुठे पुरलं. इंग्लंडमधल्या दाखल्यात यातलं अर्धंही नसायचं. कॉर्नवॉलहून आलेल्या एखाद्या खाणकामगाराचा दाखला वाचला तर अख्खं कुटुंब डोळ्यासमोर येतं.

आणि चिनी माणसाचा दाखला वाचला तर रकान्यामागून रकाना 'माहीत नाही'. आई माहीत नाही, वडील माहीत नाही, लग्न माहीत नाही. जन्म: चीन. नाव: आह अमुक. आता हे 'आह' नाव नाहीच, दक्षिण चीनमध्ये ओळखीच्या माणसाला हाक मारताना पुढे लावतात तो शब्द आहे, म्हणजे आपल्याकडे कोणी रजिस्टरमध्ये 'बाळू' किंवा 'अण्णा' लिहून मोकळं व्हावं तसं. आडनाव कुठल्याकुठे. आणि पुढचं अक्षर कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. शेजारच्या दगडावर मात्र पूर्ण नाव, आडनावासकट, गावासकट, सुंदर कोरलेलं. कागदाला तारीख नीट माहीत आहे आणि नाव माहीत नाही, दगडाला नाव माहीत आहे आणि तारीख वेगळ्या पंचांगातली. दोघं एकाच माणसाबद्दल बोलतायत का हे ठरवायचं तर सगळ्यात भक्कम धागा उरतो तो तारखेचा, म्हणून मे महिन्यात एवढा वेळ घालवला ते बरं झालं.

आज बाई आणि मी बसून जोडण्या लावल्या. नियम असा ठरला: तारीख जुळते आणि नावाचा एक तरी आवाज जुळतो तर 'शक्य'. त्यात गाव किंवा धंदा किंवा मृत्यूचं कारण असा तिसरा दुवा मिळाला तर 'बहुधा'. 'नक्की' हा पर्यायच ठेवला नाही. एकाला ते पटलं नाही, तो म्हणाला मग लोक आपल्यावर विश्वास कसा ठेवतील. बाई म्हणाल्या, मी चाळीस वर्षं पेपर तपासले, ज्या मुलाच्या पेपरात एकही खाडाखोड नसते त्याने कॉपी केलेली असते.

बाईंनी उच्चारांची एक यादी करून दिली आहे, एकच आडनाव इंग्रज कारकुनांनी किती प्रकारे लिहिलंय त्याची. ही यादी फाइलपेक्षा मोलाची आहे, वेगळी जपायची.

२४ ऑगस्ट, रविवार

ऊन पडलं, टुरिस्ट आले. एक जोडपं हातात फोन घेऊन विचारत होतं की अॅरन शेरिटची कबर कुठे. हे इथे नेहमीचं. शेरिट केली टोळीतल्या जो बर्नचा शाळेपासूनचा मित्र, पोलिसांना खबर देतो असा टोळीला संशय, २६ जून १८८० च्या रात्री बर्नने त्याला वूलशेड व्हॅलीतल्या त्याच्याच झोपडीच्या दारात गोळी घातली. आत त्याच्या रक्षणासाठी ठेवलेले चार पोलीस होते, ते बाहेर आलेच नाहीत. दोन दिवसांनी ग्लेनरोवनला टोळीचा शेवट झाला. शेरिट याच दफनभूमीत आहे, आणि त्याच्या कबरीवर दगड नाही.

त्या जोडप्याला हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. दगड नाही म्हणजे बघायला काय. तरी गवतावर उभे राहून फोटो काढलाच. मला एक गोष्ट सांगावीशी वाटली ती सांगितली नाही, इथे लिहितो: याच बर्न आणि शेरिटवर १८७७ मध्ये सेबॅस्टोपोल छावणीतल्या आह ऑन नावाच्या चिनी माणसाचं डोकं दगडाने फोडल्याचा खटला झाला आणि दोघं सुटले. या दोघांबद्दल कपाटभर लिहिलं गेलंय. आह ऑनबद्दल लोकांना जे माहीत आहे ते तेवढंच, फुटलेलं डोकं, आणि ते नावही अर्धं.

आमच्या तक्त्यात शेरिट आहे का? चिनी भागाचं काम असल्याने नाही. पण ट्रस्टला सुचवलंय की माणसांचा तक्ता सगळ्या दफनभूमीसाठी एकच करा, कारण दगड नसलेल्यांची संख्या फक्त चिनी भागात मोठी नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर १८६७ ते १९९५ वेड्यांचं इस्पितळ चाललं, मेडे हिल्स. तिथे मेलेल्यांपैकी ज्यांना न्यायला कोणी आलं नाही ते याच दफनभूमीत आले, बिनदगडाचे. त्यांचे कागद आहेत. दगडांच्या यादीत ते कधीच येणार नाहीत, कारण दगडच नाही. दगडापासून सुरुवात केली की यादी आपोआप पैसेवाल्यांची होते, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

मोकळ्या गवताचं काय करायचं यावर आज ठरलं. चिनी भागात बराच पट्टा दगडाविना आहे, नकाशावर आम्ही तो पांढरा सोडला होता. आता त्याच्या कडा मोजून घेतल्या, आणि नकाशावर तो भाग रेघांनी भरून त्यावर लिहिलं: इथे दफनं आहेत, दगड नाहीत. पांढरं सोडलं तर उद्या कोणीतरी तिथे बाक टाकतं नाहीतर पार्किंगसाठी खडी.

१४ सप्टेंबर, रविवार

फाइल दिली. तिन्ही तक्ते साध्या सीएसव्हीमध्ये, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडतील असे, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, फोटोचं नाव म्हणजे दगडाचा क्रमांक आणि उजेडाची दिशा. खुंटांची जागा आणि डेटम एका पानावर छापून, कारण हार्ड डिस्क जाते, कागद राहतो. एक प्रत ट्रस्टकडे, एक वाचनालयात, एक बाईंकडे. चिनी मजकूर मूळ लिपीत आहे, त्यासाठी एन्कोडिंग यूटीएफ-८, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, नाहीतर कोणीतरी नुसतं डबल-क्लिक करून उघडेल, सगळी नावं चौकोन होतील आणि तसंच सेव्ह करेल.

ट्रस्टच्या बैठकीत एकाने विचारलं की या सगळ्यातून एकूण किती कबरी निघाल्या, एक आकडा सांगा, फलकावर टाकता येईल. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं दगडांचा आकडा देतो, माणसांचा वेगळा देतो, दोन्ही टाका. फलकावर जागा कमी आहे म्हणाले. मग दगडांचाच टाका म्हटलं, पण पुढे 'दगड' लिहा, 'कबरी' लिहू नका. विचार करून कळवतो म्हणालेत.

राहिलेलं काम: दक्षिणेकडच्या रांगेतले आडवे पडलेले दगड, त्यांचा चेहरा खाली आहे, ते उलटायला दगडकाम करणारा माणूस लागेल आणि वेगळी परवानगी. अर्ज टाकलाय. उन्हाळ्यात जमीन कडक होते आणि गवतात साप निघतात, त्यामुळे काय करायचं ते ऑक्टोबर संपायच्या आत.